बस चुकली कुणाची?

परवाचीच गोष्ट. शेवटचा तास आटोपून आम्ही थांब्यावर आलो, तर बस खच्चून भरलेली. आमच्या वर्गातील शेजारच्या गावची एक मुलगी मागे राहिली. पुढची बस दीड तासाने! तेव्हापासून ती शेवटच्या तासाला बसत नाही. तो तास प्रात्यक्षिकाचा. घरची माणसे आता म्हणू लागली आहेत, "एवढा त्रास होत असेल तर पुरे झाले कॉलेज!"

त्याच वेळी थांब्यासमोरून मोटारसायकलींची रांग धूर सोडीत चालली होती. बहुतेकींवर स्वार एकच. मीही वडिलांपाशी गाडीचा हट्ट धरून बसलो होतो. पण मनात आले, गाडी आली की माझी सोय होईल. त्या मुलीचे काय? ज्यांच्या शब्दाला चार माणसांत वजन आहे ते एकेक करून बसमधून उतरले, तर बससाठी बोलायचे कुणी?

११ जून २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. चांगलेच झाले. पण दारात पाऊल ठेवायलाच जागा नसेल, तर माफ झालेल्या तिकिटाचा उपयोग काय? रस्त्यावरची जागा वाहनांना नव्हे, माणसांना मिळावी, असे केंद्र सरकारचे २००६ चे नागरी वाहतूक धोरणही सांगते. धोरण कागदावरून रस्त्यावर आणणे मात्र आपल्याच हाती आहे.

हॉलंडकडे पाहा. १९७१ साली तेथे रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे दगावली; त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप आणि तरुण रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' हे त्यांच्या चळवळीचे नावच होते. १९७५ मध्ये सायकलस्वारांनी आपली संघटना उभारली. आज त्या देशात माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत. ते सुख त्यांना आयते मिळाले नाही.

"आपल्या अर्जाला कोण विचारतो?" असे कुणी म्हणेल. मोघम तक्रारीला कुणी विचारीत नाही, हे खरे. म्हणून पंधरा दिवस थांब्यावर वही घेऊन उभे राहू. कोणती बस किती वाजता आली, किती जण मागे राहिले, हे लिहू. मंजूर फेऱ्या किती आणि धावल्या किती, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारू. ते आकडे अर्जाला जोडू. अर्ज मराठीत लिहू, कन्नडमध्येही लिहू. आपल्या अंकाचे विभाग दोन असले, तरी थांब्यावरची रांग एकच आहे!

गुरुजनांनाही एक नम्र विनंती. तासांचे वेळापत्रक आखताना बसचे वेळापत्रक शेजारी ठेवावे. शहरातल्या मित्रांनी जवळच्या अंतराला सायकल काढावी. त्यात कमीपणा कसला?

गाव करील ते राव काय करील, असे आपल्याकडे म्हणतात. गाडीचा हट्ट मी सोडला आहे. वही आणली आहे, पहिले नाव माझे लिहिले आहे. त्याखाली दुसरे कुणाचे?