भंगार म्हणायचं काम नाही!

दर मंगळवारी आमच्या गल्लीत भंगारवाला येतो. गल्लीच्या तोंडाशी त्याचा आवाज खणखणीत असतो. "लोखंड, पत्रा, रद्दी, जुनी बॅटरीऽऽ!" पण माझ्या फाटकापाशी आला की तो हातगाडी थांबवतो, आरोळी गिळतो आणि आत उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे बघत राहतो. त्या नजरेत हाव नसते, घाई तर मुळीच नसते. आजारी काकाच्या उशाशी बसलेल्या पुतण्याच्या डोळ्यांत असते तशी सबुरी मात्र असते.

"सायब, हे गाडी द्याची हाये का?"

"नाही."

"बरं. कवा द्याची असन तं सांगजा."

तो बिचारा त्याच्या धंद्याचं बोलतो, त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो शिकल्यासवरल्या मंडळींवर. आमचे मेहुणे, शेजारचे वकीलसाहेब, पुण्याला असलेला आमचा धाकटा, सगळ्यांचं एकच पालुपद: "काढून टाका आता." दाढेबद्दल कोणी असं म्हटलं तर मी समजू शकतो. पण जी रोज सकाळी एका किल्लीत सुरू होते, तिला काढून टाका? मग आमच्या सकाळच्या फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिक मंडळातले निम्मे सभासद आधी काढावे लागतील. ते एका हाकेत सुरू होत नाहीत.

गाडी कोणती ते सांगायचं राहिलं. मर्सिडीज, ई 220, 1996 सालची. दचकू नका, मी चिखलीच्या एका शाळेत तीस वर्षं शास्त्र शिकवून निवृत्त झालेला साधा मास्तर आहे. 2009 साली ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले, तेव्हा पुण्याच्या एका गृहस्थांकडून ही तेरा वर्षांची गाडी मी घेतली. नव्या छोट्या मोटारीपेक्षाही ती स्वस्त पडली. आमच्या हिचा त्या पैशांतून पाटल्या करायचा बेत होता. पाटल्यांचा विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही, तेव्हा तिकडे नको वळायला.

आता योगायोग बघा. मर्सिडीज-बेंझने टेल्कोच्या भागीदारीत 1995 साली भारतात मोटारी जोडायला सुरुवात केली ती पुण्याजवळ, पिंपरीच्या शेजारी. त्या गावाचं नाव चिखली! (2009 पासून तो कारभार चाकणला गेला.) म्हणजे चिखलीत जन्मलेली पोर चिखलीतच नांदायला आली. असा ऋणानुबंध असताना तिला परकी कोण म्हणेल? खरं म्हणजे हे मॉडेल जर्मनीत 1984च्या अखेरीस आलं आणि तिकडे ते निवृत्तीला टेकलं तेव्हा आपल्याकडे त्याचं बारसं झालं. याच सांगाड्यावर 1990 सालापासून '500 ई' नावाची एक राक्षसी गाडी निघे. पाच लिटरचं आठ सिलिंडरांचं इंजिन, आणि तिची जुळणी पोर्शच्या कारखान्यात होई. आमची ती नव्हे. आमची चार सिलिंडरांची, 2199 सीसीची, त्याच घराण्यातली पण स्वयंपाकघर सांभाळणारी सून. तरीसुद्धा मेहकरहून समृद्धी महामार्गाला लागावं, काटा नियमाप्रमाणे 120वर ठेवावा, आणि मग तिचा सूर ऐकावा. जर्मनीत पुष्कळ ठिकाणी महामार्गाला वेगमर्यादाच नाही, 130ची नुसती शिफारस आहे. अशा देशात वाढलेली ती, 120ला तिला घामही येत नाही. मागून नव्या गाड्या थरथरत येतात. मी डावी बाजू धरून त्यांना आशीर्वाद देतो.

विरोधी पक्षाचा पहिला मुद्दा खर्चाचा. तो मी मान्य करतो. न करून सांगता कुणाला? आमच्या हिने एक लाल वही घातली आहे. तिच्यात एका बाजूला गाडीवरचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्यात आल्या असत्या त्या वस्तू, अशी दुहेरी नोंद आहे. 'पुढचे ब्रेक व डिस्क: फ्रिज.' 'मागचे बुश व शॉकअप: धाकट्याच्या लग्नातला मंडप.' ऑक्टोबर 2010 मध्ये शेजारच्या तेव्हाच्या औरंगाबादेत लोकांनी एकजूट करून एकदम 150 मर्सिडीज विकत घेतल्या. देशभर त्याची बातमी झाली. मी ती पेपरातून मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली, तर ही म्हणाली, "त्या दीडशे जणांनी मिळून जेवढं डोकं लावलं, तेवढं तुम्ही एकट्याने का नाही लावलं?"

पण खर्च कुणाला चुकलाय? आमचे मेहुणे सात वर्षांत तिसऱ्या गाडीवर आहेत. तिन्ही वेळा हप्ते फिटायच्या आत गाडीच फिटली. त्यांच्या या नव्या गाडीच्या बंपरमध्ये एक सेन्सर आहे. पार्किंगमध्ये सायकल लागली म्हणून तो रुसला, तर गाडी बावीस दिवस वर्कशॉपमध्ये. पार्ट येणार, येतोय, निघाला. इकडे माझ्या तीस वर्षांच्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत, असं तेच मेहुणे सगळ्यांना सांगत असतात. अहो, कंपनीने 1993 सालापासून स्टुटगार्टजवळ फेलबाखला खास जुन्या गाड्यांसाठी केंद्र काढून ठेवलं आहे. पार्ट मिळतो. पार्ट मिळाल्यावर घरात काय काय मिळत नाही, हा वेगळा प्रश्न.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगतो, नाहीतर लाल वही बोलेल. 2013च्या दिवाळीत मेहुण्यांसकट सासरची मंडळी घेऊन आम्ही लोणारला निघालो. मेहकरपर्यंत गाडी लोण्यासारखी आली. पुढे इंजिन मिसिंग मारायला लागलं, मग खोकलं, मग एका ज्वारीच्या शेताकडेला कायमचं गप्प झालं. सासरची मंडळी डब्यांसकट काळीपिवळीत बसून पुढे गेली. मेहुण्यांनी खिडकीतून हात हलवला तो मी अजून विसरलो नाही. लोणारला उल्का पडली त्यानंतर त्या टापूत एवढा मोठा आघात दुसरा झाला नसेल.

गाडी ओढून चिखलीला आणली. आमच्या मिस्त्रींनी बोनेट उघडून इंजिनाचं वायरिंग नुसतं चिमटीत धरलं, तर वायरवरचं आवरण शेवेसारखं चुरचुरून हातात आलं. आत तांब्याची तार उघडीबोडकी. कारण नंतर कळलं. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या जर्मनांना पर्यावरणाचा कळवळा आला आणि पुढेमागे मातीत मिसळून जाईल असं आवरण त्यांनी वायरींना वापरलं. ते मातीत जायची वाट न बघता गाडीतच विरघळलं! त्या काळातल्या बऱ्याच मर्सिडीजना हा रोग झाला. जगाचं भलं करायला निघालेला माणूस आधी घरातली वायर जाळतो, याचा याहून चांगला पुरावा मला तरी ठाऊक नाही.

नव्या वायरिंगची किंमत ऐकून मी खाली बसलो. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, घाबरू नोका. मी हाव ना." अकरा दिवस तो माणूस एकेक वायर सोडवत होता. प्रत्येकीला बिस्किटाच्या पुड्याचा कपटा बांधून त्यावर नंबर, मग नवी उष्णता सोसणारी नळी चढवायची, पुन्हा जागच्या जागी. चौसष्ट कपटे मी स्वतः मोजले. बाराव्या दिवशी किल्ली फिरवली आणि गाडी बोलली. मी शास्त्राचा मास्तर, विद्युतप्रवाह तीस वर्षं फळ्यावर काढला. पण त्या दिवशी कळलं की तो मला नुसता पाठ होता.

आणि म्हणून 'भंगार' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. शाळेत मी दरवर्षी मुलांना बर्था बेंझची गोष्ट सांगत असे. नवऱ्याने मोटार बनवली खरी, पण लोक ती घेईनात. ऑगस्ट 1888 मध्ये ही बाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून माहेरी फोर्ट्सहाइमला निघाली. शंभराच्या वर किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. म्हणजे जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासातला मेकॅनिक कोण? तर एक बाई, तिची पिन आणि एक चांभार. दुरुस्ती हे मोटारीचं दूषण नाही, मोटार दुरुस्तीच्या मांडीवरच वाढली. पुढे ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साचिनिदिस नावाच्या टॅक्सीवाल्याने 1976ची मर्सिडीज 240 डी वापरून वापरून 46 लाख किलोमीटरवर नेली. 2004 साली कंपनीने ती सन्मानाने आपल्या संग्रहालयात ठेवली. आमच्या गल्लीत असता तर मंगळवारीच उचलली असती.

वकीलसाहेबांचा मुद्दा पर्यावरणाचा. "मास्तर, तुमची गाडी हवा खराब करते." मी धुराची तपासणी वेळच्या वेळी करतो, कागद त्यांच्या नाकापुढे धरतो. ते कागदाकडे न बघता गाडीकडे बघतात. माणूस नवी गाडी घेतो तेव्हा तिचं लोखंड, रबर, काच, रंग हे सगळं बिनधुराचं आकाशातून पडतं अशी या लोकांची समजूत आहे काय? आणि पेट्रोलचं म्हणाल तर आता 2025पासून त्यात 20 टक्के इथेनॉल आलं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून मिस्त्रींनी सगळ्या नळ्या बदलल्या. (लाल वही: 'मिक्सर.') इथेनॉल उसासारखंच मक्याचंही होतं, आणि वकीलसाहेबांच्या शेतात गेली दोन वर्षं मका आहे. माझी गाडी त्यांची कणसं पिते, आणि पर्यावरण तेच मला शिकवतात!

पण खरं भांडण आहे ते सरकारच्या हिशेबाशी. ऑगस्ट 2021 मध्ये भंगार धोरण जाहीर झालं. कागदावर ते म्हणतं, गाडीची अवस्था तपासा, निकामी असेल ती मोडा. छान! याला माझा कडकडून पाठिंबा आहे. पण पैसे घेताना अवस्था कोण विचारतो? तिथे वयच बघतात. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला 600 रुपये पडत, ते 1 एप्रिल 2022पासून 5,000 झाले. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला 10,000. माझ्या गाडीची पंधरा वर्षं 2011ला भरली. मग दर पाच वर्षांनी तपासणी: 2016, 2021, आणि आता 2026. मागच्या खेपेला 600त भागलं, या खेपेला 10,000. बरं, गाडी तीच, मास्तर तोच, ब्रेक उलट नवे!

अहो, आमच्याकडे बैलबाजारात बैल घेताना त्याचे दात बघतात, खूर बघतात, चार पावलं चालवून बघतात. जन्माचा दाखला कोणी मागितलेला ऐकला नाही. आणि पोळ्याला नांगर सोडलेल्या म्हाताऱ्या बैलाच्या शिंगालाही रंग लागतो, पुरणपोळी त्यालाही मिळते. माझं मागणं एवढंच आहे की माझ्या गाडीचे दात बघा. ब्रेक दाबून बघा, धूर हुंगा, तळाला झोपून पत्रा ठोकून बघा. नापास झाली तर मी स्वतः तिला हार घालून पाठवीन. पण ती पास होते, दर वेळी पास होते, आणि तरी तिला दंड तिच्या वाढदिवसाचा! दिल्लीत तर 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचा रस्ताच बंद झाला होता. चिखली दिल्लीपासून लांब आहे याचा मला प्रथमच आनंद वाटला.

दहा हजार मी भरीन. लाल वहीत काय लिहिलं जाईल तेही माहीत आहे. काळजी दुसरीच आहे. आमचे मिस्त्री आता सत्तरीला आले. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ते सांगतात, "मास्तर, तिसऱ्या सिलिंडराचा वाल कुरकुर करते." भेंडवळच्या घटमांडणीचं एखादं भाकीत चुकेल, मिस्त्रींचं चुकल्याचं मला आठवत नाही. त्यांचा मुलगा जिल्ह्याबाहेर एका मोठ्या वर्कशॉपात आहे. तिथे गाडीला लॅपटॉप जोडतात, लॅपटॉप सांगेल तो डबा काढतात आणि नवा डबा बसवतात. पगार चांगला आहे. "पोरगा हुशार हाये," मिस्त्री सांगतात, "पन त्यानं अजून एक बी वाल घासला नाई." मागच्या महिन्यात टायमिंग चेन बघताना त्यांचा हात थरथरला. पाना खाली पडला. मी उचलून दिला. दोघंही काही बोललो नाही. मग तेच म्हणाले, "मास्तर, तुमी या अशे रोज सांजच्याला. दाखवतो एकेक." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्यांच्या गॅरेजात जातो. निवृत्त शास्त्रशिक्षक वयाच्या पंचाहत्तरीला हेल्पर म्हणून लागला आहे. ग्रीस नखात बसतं. ही म्हणते, आंघोळीच्या साबणाचाही रकाना वहीत घातला आहे.

परवा मंगळवारी भंगारवाला पुन्हा फाटकात थांबला. वरचं सगळं भाषण माझ्या जिभेवर तयार होतं. मी कमरेवर हात ठेवून बाहेर आलो. तो म्हणाला, "सायब, अकोल्याले तुमच्यासारखीच गाडी तोडाले आली हाये. येकच वायपरवाली. दरवाजे चांगले हायेत, लाइटा बी. तुमाले काई पायजेन का?"

"वायपरची मोटर आहे?"

"हाये जी."

"थांब, चप्पल घालतो," मी म्हणालो, आणि मिस्त्रींना फोन लावला.