जोडणी सोडण्याचा भुर्दंड

दूरध्वनीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या पिढीला, जोडणी मिळविण्यापेक्षा ती सोडणे अधिक अवघड होईल असे कोणी सांगितले असते, तर ते खरे वाटले नसते. आज वसई-विरार परिसरातील खांबांवरून लोंबकळणारी तारांची जुडगी पाहिली की इंटरनेट पुरवठादारांचा तुटवडा नाही, हे दिसतेच. २००९ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेली होती. एवढी मोठी बाजारपेठ कोण सोडील? तेव्हा घरी जोडणी देण्यासाठी माणूस सांगितल्या वेळेच्या आधी हजर होतो. ती बंद करावयाची म्हटले की मात्र दूरध्वनीवर संगीत ऐकत बसावे लागते.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. समजा, नालासोपाऱ्यातील एखाद्या कारकुनाने वर्षाचे ७,२०० रुपये आगाऊ भरले आणि चार महिन्यांत सेवेला कंटाळून दुसरीकडे जाण्याचे ठरविले. उरलेल्या आठ महिन्यांचे ४,८०० रुपये परत मिळतील, हा त्याचा त्रैराशिकाचा हिशेब. पुरवठादाराचा हिशेब निराळा असतो. वर्षाची सवलत रद्द, म्हणून चार महिन्यांचे दरमहा ९०० प्रमाणे ३,६०० रुपये. ‘मोफत’ बसवणीचे १,०००. ‘मोफत’ राऊटरचे १,५००. हाती उरतात १,१०० आणि तेही मिळतील तेव्हा. मोफत या शब्दाचा असा अर्थ कोणत्याही कोशात सापडणार नाही.

पुरवठादाराची बाजू अगदीच पोकळ आहे, असे नाही. घरापर्यंत तंतुवाहिनी ओढण्यास आणि यंत्र बसविण्यास खर्च येतो. महिनाभरात निघून जाणाऱ्या ग्राहकाकडून त्यातील वाजवी वाटा घेणे अन्याय्य म्हणता येणार नाही. परंतु झालेला खर्च भरून घेणे वेगळे आणि जाणाऱ्याला जरब बसविणे वेगळे. हा भेद आपल्या कायद्याला नवा नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ सांगते की, करारात दंडाची रक्कम कितीही लिहिलेली असो, मिळावयाची ती वाजवी भरपाईच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पुढे जाऊन हानीशी प्रमाण नसलेला दंड लादणाऱ्या कराराची गणना ‘अनुचित करारा’त केली. गंमत अशी की, अनुचित कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही. त्यासाठी राज्य आयोगाची पायरी चढावी लागते. हजार-दीड हजारांसाठी शाळेची रजा टाकून तेथवर कोणता शिक्षक जाईल? पुरवठादारांचा भरवसा कायद्यावर नसून ग्राहकाच्या या थकव्यावर आहे.

दूरसंचार नियामक प्राधिकरण १९९७ पासून अस्तित्वात आहे. मात्र ते व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करीत नाही. त्याच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रार आधी कंपनीच्या केंद्राकडे आणि मग अपिलासाठी कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाते. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्याच्याच घरात न्यायासन! बँकांच्या ग्राहकाला निदान रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. याच रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास बँकांना मनाई केली. नायगाव-विरारच्या सदनिकांचे हप्ते भरणाऱ्या कित्येकांना तिचा लाभ घेता आला. लाखोंचे कर्ज दंडाविना दुसऱ्या बँकेकडे नेता येते. घरातील एक तार मात्र नेता येत नाही.

मोबाइलच्या बाबतीत हे बंधन सुटले. २०११ च्या जानेवारीपासून देशभर क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि हे काम पुढे नेण्याची जबाबदारी नव्या कंपनीवर आली. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून घरगुती ब्रॉडबँडसाठीही तशीच व्यवस्था आहे: ग्राहकाने फक्त नव्या पुरवठादारास कळवावयाचे, आणि मुदतीपूर्वी सोडण्याचे शुल्क किती लागेल, हे जुन्याने बदलापूर्वीच सांगावयाचे. आपल्या प्राधिकरणाला हे अशक्य असण्याचे कारण दिसत नाही. मासिक दर ज्या ठळक अक्षरांत छापला जातो, त्याच अक्षरांत सोडण्याचा आकार छापावा. तो दर महिन्याने घटत जावा. आणि सेवाच सदोष असेल तर तो शून्य असावा. तार आठ-आठ दिवस तुटलेली राहते आणि मुलाची ऑनलाइन परीक्षा बुडते, तेव्हा करार मोडलेला असतो तो पुरवठादाराने.

तोवर ग्राहकाच्या हाती जे आहे, ते थोडे नाही. सदोष सेवा बंद करून पैसे परत करण्यास, पावतीवर मुदत नसल्यास तीस दिवसांपलीकडे टाळाटाळ करणे ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि तिची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते. दूरसंचाराचे तंटे आपल्याकडे नकोत, असे म्हणण्याची पळवाट सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास आयोगाचे शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र प्रत्येक बिघाडाचा तक्रार क्रमांक टिपून ठेवलेला असावा, सोडण्याचे कारण लेखी कळविलेले असावे आणि राऊटर परत देताना तारखेसह सही घेतलेली असावी. ती सही नसली की, वर्षभराने त्याच राऊटरची किंमत मागणारे पत्र दारी येऊ शकते.