चौकातला टीव्ही कोणासाठी?




शिरोळ तालुक्यातील एका गावाने मुख्य चौकात मोठा एलईडी टीव्ही बसवायचे ठरवल्याचे या आठवड्यात कळले. शेजारच्या एका गावाने तो आधीच बसवला आहे. दोन्हीकडे कारणे तीच सांगतात: शासनाच्या योजना लोकांपर्यंत पोहोचाव्यात आणि महापुरात सूचना देता याव्यात. ही दोन्ही कारणे टिकणारी नाहीत.

आधी योजनांचे पाहू. 2024 मध्ये राज्य शासनाने योजनांच्या प्रसिद्धीसाठी 270 कोटी 5 लाख रुपयांचा माध्यम आराखडा मंजूर केला. त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमांचा वाटा 39 कोटी 70 लाखांचा आणि होर्डिंगसारख्या बाह्य प्रसिद्धीचा 136 कोटी 35 लाखांचा. त्याच वर्षी एकट्या लाडकी बहीण योजनेच्या प्रसिद्धीसाठी 199 कोटी 81 लाख वेगळे मंजूर केले. हा पैसा आपल्याच करातून गेला. आता त्याच जाहिराती पुन्हा दाखवायला गावाने पदरच्या पैशाने टीव्ही घ्यायचा, वीजबिल भरायचे आणि दुरुस्तीही करायची? लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला आमच्या आयाबहिणी रांगेत उभ्या राहिल्या, त्या चौकातला टीव्ही पाहून नव्हे. अंगणवाडी सेविका दारोदार फिरल्या म्हणून त्यांचे अर्ज भरले गेले. 39 कोटी 70 लाख मंजूर होऊनही योजना घराघरांत पोहोचल्या नसतील, तर चौकातल्या आणखी एका पडद्याने त्या कशा पोहोचणार?

दुसरे कारण महापुराचे. ऑगस्ट 2019 शिरोळकर विसरलेले नाहीत. कृष्णा आणि पंचगंगेने गावांना वेढा घातला, तेव्हा पहिल्यांदा गेली ती वीज. उपकेंद्रे पाण्यात, मोबाइल चार्ज करायची सोय नाही, दिवसचे दिवस काळोख. अशा वेळी हा टीव्ही कशावर चालणार होता? तेव्हा माणसे वाचली ती बोटींमुळे, ट्रॅक्टरमुळे आणि स्पीकर लावून ओरडत फिरणाऱ्या तरुणांमुळे. त्याच महापुरात, 8 ऑगस्टला, सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी खचाखच भरलेली बोट उलटली आणि लेकराबाळांसह माणसे बुडाली. 2021 मध्ये पाणी पुन्हा आले. दोन महापूर सोसलेल्या तालुक्यात आधी चांगली बोट, पुरेशी लाइफ जॅकेट, बॅटरीवर चालणारा भोंगा आणि जनरेटर घ्यायला हवा, एवढे कळायला तज्ज्ञांची समिती लागत नाही.

जुन्या काळी गावात सार्वजनिक टीव्ही असायचाच, असा युक्तिवाद मी ऐकला. 1975-76 मध्ये ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांना उपग्रहावरून येणारे कार्यक्रम सार्वजनिक टीव्हीवर दाखवले गेले. शेजारचे कर्नाटकही त्यात होते. पण तेव्हा गावात टीव्ही असलेले घर शोधावे लागे, आणि शेती व आरोग्यावरचे कार्यक्रम त्या गावांसाठी मुद्दाम तयार केलेले होते. आज प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे. या टीव्हीवर काय दाखवणार, याचा तर प्रस्तावात एका ओळीचाही उल्लेख नाही. शेजारच्या गावात बसवलेल्या टीव्हीवर मी पाहिले ते नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि पदाधिकाऱ्यांचे हसरे चेहरे. सरकारी जाहिरातींत कोणाची छायाचित्रे असावीत यावर सर्वोच्च न्यायालयाने 13 मे 2015 रोजी निर्बंध घातले. 2016 मध्ये ते सैल करून मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्र्यांना मुभा मिळाली. त्या यादीत गावचे पदाधिकारी कुठेच नाहीत.

पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीपैकी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. गावाला आपल्या मर्जीने खर्च करता येत होते ते उरलेले 40 टक्के. अशाच मोकळ्या निधीतून हा टीव्ही घ्यायचा घाट आहे. 2021 मध्ये थकबाकीपोटी महावितरणने राज्यभर गावोगावच्या पथदिव्यांची वीज तोडली होती. ज्या गावाला दिव्याचे बिल वेळेवर भरता येत नाही, त्याने टीव्हीचे बिल अंगावर का घ्यावे? आणि टीव्हीचीच हौस असेल तर आधी शाळांत जा. डिजिटल शाळेच्या नावाखाली घेतलेले संच माझ्या माहितीतल्या एका शाळेत कपाटात कुलूपबंद आहेत, कारण वीजबिल कोण भरणार हे ठरलेले नाही. ते आधी सुरू करा.

माझी मागणी सरळ आहे. हा खर्च ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत उरकू नका. ग्रामसभेपुढे ठेवा. टीव्हीची किंमत, पाच वर्षांचा वीज आणि दुरुस्तीचा खर्च, आणि त्यावर काय दाखवणार याची लेखी यादी आठ दिवस आधी फलकावर लावा. बोटी आणि लाइफ जॅकेटची आजची स्थितीही त्याच फलकावर येऊ द्या. ग्रामसभेचा स्पष्ट ठराव होईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. गटविकास अधिकाऱ्यांनी तोवर हा प्रस्ताव थांबवावा.

आपला,
एक करदाता, शिरोळ (जि. कोल्हापूर)