न विचारलेला प्रश्न : स्त्रियांमधील अनैच्छिक मूत्रस्राव आणि आपली जबाबदारी

आपल्या व्यवसायात काही वाक्ये इतकी परिचयाची झालेली असतात की ती कानी पडताच हात आपोआप औषधाच्या कपाटाकडे जातो. ‘लघवीचा त्रास आहे’ हे त्यांपैकी एक. सावनेर, खापा, केळवद या परिसरातून बाजाराच्या निमित्ताने आलेली स्त्री हे वाक्य खालच्या आवाजात उच्चारते आणि चंद्रप्रभा वटी, गोक्षुरादि गुग्गुळ किंवा एखादे मूत्रल पातळ औषध घेऊन घरी जाते. या एका वाक्यात दाह असू शकतो, अवरोध असू शकतो, वारंवार प्रवृत्ती असू शकते. शिवाय तिला जे सांगायचे असते आणि बहुधा सांगता येत नाही, तेही असू शकते : खोकताना, शिंकताना, हसताना किंवा ओझे उचलताना मूत्र आपसूक सुटते, कधी वेग आल्यावर मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच वस्त्र ओले होते.

या तक्रारीविषयी आपण वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी मोकळेपणाने बोलण्याची वेळ आली आहे, एवढेच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. बोलण्याचा प्रारंभ रुग्णेने करावा अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. तो प्रारंभ आपणच करावयास हवा.

संकोचामुळे औषध उलटे पडते

हा प्रश्न केवळ सहानुभूतीचा नाही, तो चिकित्सेच्या यशापयशाचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात पन्नास महाकषाय सांगितले आहेत. त्यांत मूत्रसंग्रहणीय आणि मूत्रविरेचनीय हे दोन गण स्वतंत्रपणे येतात. जांभूळ, आम्र, वड, उंबर, पिंपळ ही द्रव्ये पहिल्या गणात. गोक्षुर, पाषाणभेद, दर्भ, कुश, काश ही दुसऱ्या गणात. एकाचे कर्म मूत्र आवरण्याचे, दुसऱ्याचे ते वाढवून बाहेर काढण्याचे. आचार्यांनी हा भेद इतका स्पष्ट करून ठेवलेला असताना, ‘लघवीचा त्रास’ या शब्दांच्या पलीकडे न जाता दिलेले मूत्रल औषध मूत्र न टिकणाऱ्या स्त्रीस कोठे नेऊन ठेवील, हे निराळे सांगावयास नको. पंधरा दिवसांनी ती परत येत नाही. गुण आला म्हणून ती आली नाही, अशी आपण समजूत करून घेतो.

शास्त्राने ठेवलेली वाट

या विकाराला संहितेतील कोणते एक नाव द्यावे, असा प्रश्न काही व्यवसायबंधू उपस्थित करतील. तो रास्त आहे. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायात तेरा मूत्रदोष वर्णिले आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बारा मूत्राघात आहेत. त्यांतील बहुतेक अवरोधप्रधान आहेत. खोकताना होणाऱ्या मूत्रस्रावाशी तंतोतंत जुळणारी संज्ञा त्यांत शोधणे म्हणजे शास्त्रावर ओढाताण करणे होय. परंतु याच चरकसंहितेत, त्रिशोथीय अध्यायात, एखाद्या विकाराचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाज बाळगू नये, सर्वच विकारांना निश्चित नावे असतात असे नाही, असा निर्वाळा दिलेला आहे. दोष, अधिष्ठान आणि हेतू जाणून चिकित्सा करावी, हा त्यामागील आशय. नाव सांगता येत नसल्याची लाज आचार्यांनी वैद्याला माफ केली. रुग्णेच्या मनातील लाज दूर करण्याचे काम मात्र आपल्याकडेच राहिले.

हेतूंचा विचार करता चित्र पुरेसे स्पष्ट होते. अपान वायू मल, मूत्र, आर्तव व गर्भ यांना योग्य काळी अधोमार्गाने नेतो, असे सुश्रुताचार्य निदानस्थानात सांगतात. ‘योग्य काळी’ या अटीतच सारे काही आले. अकाली प्रवृत्ती ही अपानाची विकृती होय. वारंवारचे प्रसव, कष्टप्रसूती, जुनाट खोकला, मलावष्टंभ, अतिभारवहन, स्थौल्य आणि रजोनिवृत्तीनंतरचा धातुक्षय यांनी श्रोणीतील आधार देणारे स्नायू शिथिल होतात. आधुनिक वैद्यक हीच कारणे निराळ्या भाषेत सांगते.

यात आपल्या भागाची भर आहे. बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची रीत आपल्याकडे आहे. पण कापूस वेचणीला किंवा संत्र्याच्या बागेत मजुरीने जाणाऱ्या स्त्रीला ती क्वचितच पूर्ण परवडते. शेतात आडोसा नाही म्हणून ती दिवसभर वेग धरून ठेवते. ‘नवेगान्धारणीय’ हा अध्याय आपण सर्वांनी पाठ केला आहे, पण तो पाळण्याची सोय तिच्यापाशी नाही. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ या नावाने स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठी चळवळ उभी राहिली. शेतशिवारातील स्त्रीची अडचण त्याहून कमी नाही. तिच्यासाठी कोणी फलक धरला नाही, इतकेच. शिवाय वस्त्र ओले होईल या धास्तीने ती पाणी पिणेच कमी करते. नागपूर जिल्ह्यातील वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात याचा परिणाम काय होतो ते आपण दरवर्षी पाहतो. मूत्र गाढ होते, दाह वाढतो, संसर्ग बळावतो आणि स्राव थांबण्याऐवजी वाढतो.

गडचिरोलीचा धडा

स्त्रिया बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना त्रास नाही असा होत नाही, हे आपल्याच विदर्भात सप्रमाण सिद्ध झाले आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. प्रत्येक स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार आढळले. त्यांपैकी पूर्वी कधी या कारणासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

तो अभ्यास मूत्रस्रावापुरता नव्हता, हे खरे. परंतु त्याने दिलेला धडा येथे जसाच्या तसा लागू पडतो. त्या गावांत दुखणे नवे नव्हते; त्याची विचारपूस नवी होती. सावनेर तालुक्यातील स्त्री गडचिरोलीच्या स्त्रीपेक्षा दवाखान्याच्या जवळ राहते, नागपूरही तिच्यापासून फार दूर नाही. अंतर आहे ते तिच्या ओठांपासून आपल्या कानांपर्यंतचे.

प्रश्नपरीक्षा नेमकी कशी करावी

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण मानतो. अष्टविध परीक्षेत तर नाडीच्या खालोखाल मूत्राचे स्थान आहे. मूत्राचा वर्ण, गंध, प्रमाण आपण विचारतो. त्यावर ताबा राहतो की नाही, हे मात्र विचारीत नाही.

पुरुष वैद्याने असा प्रश्न विचारणे अप्रशस्त दिसेल, ही शंका अनेकांच्या मनात असते. अनुभव असा की प्रश्न सर्वांना विचारला जातो असे जाणवले की त्यातील बोच निघून जाते. ‘बाळंतपणानंतर किंवा वय वाढल्यावर पुष्कळ बायकांना खोकताना-शिंकताना थोडी लघवी सुटते. तुम्हाला असे होते का?’ एवढे पुरे. ‘पुष्कळ बायकांना’ हे शब्द विसरू नयेत. आपण एकट्याच नाही, हे तिला प्रथम त्यांतूनच कळते. प्रश्न विचारताना पती, सासूबाई किंवा सूनबाई शेजारी नसाव्यात. जागा लहान असेल तर एक पडदा लावावा. केसपेपरवर मासिक पाळीच्या रकान्याखाली ‘मूत्रस्राव : खोकताना / वेग आल्यावर / सतत / नाही’ अशी एक ओळ छापून घेतली की विचारणे विसरत नाही आणि विचारताना अवघडही वाटत नाही. शब्द मात्र तिचेच वापरावेत. ‘मूत्रस्राव’ आपल्या कागदावर राहू द्यावा. बोलताना ‘लघवी टिकत नाही’, ‘अंग बाहेर येते’ असेच म्हणावे.

उत्तर ‘हो’ आले तर पुढील चौकशी सोपी आहे. किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा, किती प्रमाणात, आणि त्यापायी तिने काय काय सोडले? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लक्षपूर्वक ऐकावे. कोणी एस.टी.चा लांबचा प्रवास सोडलेला असतो, कोणी लग्नसमारंभ, कोणी देवपूजा. आपल्याला अस्वच्छ समजून देवघराबाहेर बसणाऱ्या स्त्रीचा विकार काही थेंबांचा म्हणून क्षुल्लक ठरत नाही.

उपाय आहेत, हे सांगणे

‘वयपरत्वे हे चालायचेच’ हे उत्तर आपण कायमचे सोडून द्यावे. श्रोणीच्या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडली. २०१८ च्या कोक्रेन समीक्षेनुसार, खोकताना मूत्र सुटणाऱ्या ज्या स्त्रियांनी हा व्यायाम केला त्यांच्यापैकी ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. व्यायाम न केलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. कोणत्याही वटी-चूर्णाच्या पाकिटावर असा आकडा छापता येणार नाही, आणि या उपायाला एक पैसाही लागत नाही.

मूलबंध व अश्विनी मुद्रा जाणणाऱ्या वैद्याला हा व्यायाम परका नाही. वायू सरताना तो रोखावा तसे गुदद्वार व मूत्रमार्ग आत ओढून घ्यावेत. पाच ते दहा अंक मोजेपर्यंत धरावे व तितकाच वेळ सैल सोडावे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखू नये, मांड्या-नितंब आवळू नयेत. मूत्रत्यागाच्या वेळी धार मध्येच थांबवून हा सराव करू नये. तेही वेगधारणच ठरते. खोकला किंवा शिंक येण्याच्या बेतात हे स्नायू आवळावेत, हेही शिकवावे. ज्यांना वेग आवरत नाही त्यांनी मूत्रत्यागाची वेळ ठरवून घ्यावी आणि दोन वेळांमधील अंतर हळूहळू वाढवावे. मलावष्टंभ, कास व स्थौल्य यांची चिकित्सा बरोबरीने करावी, चहा कमी करावा, पाणी तोडू नये. औषधयोजना प्रकृती व दोष पाहूनच करावी, हे आपल्या वाचकांना सांगणे न लगे.

आपली मर्यादाही तितकीच स्पष्ट असावी. मूत्रातून रक्त जाणे, प्रसूती वा शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस सतत स्राव होणे, अंग बाहेर येणे, ओटीपोट फुगूनही लघवी थेंबथेंबच होणे, अथवा पायांत एकाएकी दुर्बलता, बधिरता येऊन मलावरचाही ताबा जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास वेळ न दवडता पुढे पाठवावे. शेवटचे लक्षण असल्यास त्याच दिवशी पाठवावे. सावनेरला ग्रामीण रुग्णालय आहे. नागपुरात डागा स्त्री रुग्णालय आणि ‘मेडिकल’ आहे. प्रत्येक रुग्णेची मूत्रतपासणी व रक्तशर्करा पाहिल्याशिवाय निदान पूर्ण झाले असे मानू नये.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

या विकाराची पहिली खूण पुष्कळदा दुकानातच उमटते. पाळी केव्हाच थांबलेली स्त्री दरमहा सॅनिटरी पॅड नेते, हे विक्रेत्याच्या नजरेतून सुटत नाही. ते पॅड रक्तस्रावासाठी बनविलेले असतात. पातळ मूत्र त्यांत लवकर व पुरेसे शोषले जात नाही, त्वचा ओली राहून पुरळ उठते. मूत्रासाठी निराळे पॅड मिळतात, हे तिला ठाऊक नसते. दुकानात स्त्री कर्मचारी असल्यास तिच्यामार्फत हे सांगता येईल. नसल्यास गल्ल्याजवळ छापील चिठ्ठी ठेवता येईल.

औषधांच्या चिठ्ठीकडेही लक्ष असावे. रक्तदाबासाठी दिलेल्या काही गोळ्या मूत्र वाढवितात; प्राझोसिनसारख्या गोळ्या मूत्रमार्ग शिथिल करतात; एनालाप्रिलच्या वर्गातील गोळ्यांनी कोरडा खोकला येतो आणि त्या खोकल्याने स्राव होतो. अशी गोळी आपल्या अधिकारात बंद करू नये. ज्यांनी ती लिहिली त्यांना कळविण्यास रुग्णेस सांगावे.

आणखी एक गोष्ट. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून देण्याची चाल अजून गेलेली नाही. जुलै २०१८ मध्ये त्यांवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला, तो लोकांनी या विषयावर उघडपणे बोलण्यास आरंभ केल्यामुळेच. कागदात गुंडाळलेली वस्तू घेणारीला तिने काही लपविण्यासारखे केले आहे असेच सुचविते. मागितल्यास अवश्य गुंडाळून द्यावी. न मागता गुंडाळू नये.

आपल्या संघटनेच्या बैठकांतून रसकल्प, पंचकर्म व शासकीय नियम यांवर चर्चा होते. एखाद्या बैठकीत अर्धा तास या विषयासाठी राखून ठेवावा, व्यवसायभगिनींनी पुढाकार घेऊन व्यायामाचे प्रात्यक्षिक इतरांना समजावून द्यावे आणि केसपेपरवरील त्या एका ओळीचा नमुना सर्वांना पाठवावा, अशी नम्र सूचना आहे. खर्च छपाईचा, तोही नाममात्र. पुढील तीन महिन्यांत प्रत्येकाने आपल्याकडे येणाऱ्या चाळिशीपुढील प्रत्येक स्त्रीला हा प्रश्न विचारावा व ‘हो’ म्हणणाऱ्यांची संख्या नोंदवावी. ती नोंद आपल्या तालुक्याची असेल आणि तिच्यावरूनच पुढील अंकात अधिक अधिकाराने लिहिता येईल.