अठ्ठाविसावा फलंदाज

बालमित्रांनो, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये सगळ्यांत मोठं भांडण कशावरून होतं? आऊट की नॉट आऊट, यावरूनच ना! मग ज्याची बॅट, तो ती काखेत मारून घरी जातो. खेळ खलास! आज अशाच एका निर्णयाची गोष्ट सांगतो. पण ती आहे अमेरिकेतल्या बेसबॉलची.

आधी थोडे नियम समजून घेऊ. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला म्हणतात पिचर. तो ६० फूट ६ इंचांवरून, टप्पा न पाडता चेंडू फेकतो. हो, चक्क फेकतो! फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या ठरावीक पट्ट्यात आलेला चेंडू त्याने सोडला किंवा बॅट फिरवून हुकवला, की एक 'स्ट्राइक'. तीन स्ट्राइक झाले की आऊट. पण पट्ट्याबाहेरचे चार चेंडू त्याने सोडले, की तो आरामात चालत पहिल्या बेसवर जातो. एका डावात तीन जण बाद करायचे, असे नऊ डाव. म्हणजे एकूण २७ बळी.

आता कल्पना करा, एकाही फलंदाजाला पहिल्या बेसवर पोचू न देता ओळीने २७ बाद! याला म्हणतात 'परफेक्ट गेम'. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये आजवर दोन लाखांहून जास्त सामने झाले, पण २०२३ सालापर्यंत असा पराक्रम झाला फक्त २४ वेळा.

२ जून २०१०. डेट्रॉइट शहर. व्हेनेझुएलाचा २८ वर्षांचा अरमांडो गालारागा क्लीव्हलँडविरुद्ध चेंडू टाकत होता. ओळीने २६ जण बाद झाले. उरला एक! सत्ताविसाव्याने चेंडू जमिनीलगत टोलवला. क्षेत्ररक्षकाने तो उचलून धावत आलेल्या गालारागाकडे फेकला. फलंदाजाच्या आधी गालारागाचा पाय बेसवर पडला. आऊट! पण अंपायर जिम जॉइस यांनी हात पसरले. नॉट आऊट!

मैदानात एकच गलका झाला. आणि गालारागा? तो नुसता हसला. वळून पुन्हा आपल्या जागेवर गेला आणि अठ्ठाविसाव्या फलंदाजाला बाद करून त्याने सामना संपवला.

सामन्यानंतर जॉइस यांनी टीव्हीवर तो क्षण पाहिला. चूक त्यांचीच होती. ना सबब, ना सारवासारव. त्यांनी सरळ कबुली दिली, गालारागाला मिठी मारली आणि रडत माफी मागितली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी अंपायरच्या हाती द्यायला मुद्दाम गालारागाच आला. समोर जॉइस उभे, डोळे पुसत. सामन्याच्या आधीच सगळं मिटलं होतं.

निकाल मात्र बदलला नाही. विक्रमाच्या वहीत गालारागाचं नाव त्या यादीत नाही. २०१४ पासून असे निर्णय चित्रफितीवर तपासता येऊ लागले, पण त्याला उशीर झाला होता.

तरीही त्या २४ जणांपैकी कितींची नावं लोकांना पाठ असतील? 'अठ्ठावीस बाद करणारा' गालारागा मात्र बेसबॉलवेडे विसरत नाहीत. आणि 'माझं चुकलं' म्हणणारे जॉइसही!

तर दोस्तांनो, उद्या गल्लीत भांडण झालं, तर बॅट उचलण्याआधी या दोघांना आठवाल ना?