लपविलेली गोळी



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव या दोन बाजूंत गोटमार होते, हे आपणांस सांगावयास नको. त्या दिवशी ज्याचे डोके फुटते, त्याला पट्टी बांधावयास दहा हात पुढे येतात. रक्त दिसते, म्हणून जखम सर्वांस मान्य होते. परंतु ज्याचे मन आतून खचले आहे, त्याची गोळी घरचेच लोक कपाटात कपड्यांखाली दडवून ठेवतात. या लपवाछपवीविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. उदाहरणे घेणार आहोत ती व्यवसायी मुष्टियोद्ध्यांची. मार सोसणे हाच ज्यांचा धंदा, त्यांना तरी कोणी मनाने दुबळे म्हणू नये.

१९९५ साली इंग्लंडच्या फ्रँक ब्रुनो याने अमेरिकेच्या ऑलिव्हर मॅकॉलला हरवून जगज्जेतेपद मिळविले. पुढे दोघांच्याही वाट्यास एकच दुःख आले. १९९७ च्या फेब्रुवारीत लास व्हेगास येथे लढता लढता मॅकॉलला रिंगणातच रडू कोसळले. त्याने हात खाली सोडले, आणि पाचव्या फेरीत पंचाने लढत थांबविली. २००३ साली ब्रुनोला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. एका मोठ्या वृत्तपत्राने त्याची टवाळी करणारा मथळा छापला. तेव्हा लोक इतके संतापले की, त्याच रात्री पुढच्या आवृत्तीत तो मथळा बदलावा लागला. ब्रुनोचा आजार द्विध्रुवी म्हणविला जातो. त्यात मनाला कधी उधाण येते, तर कधी ते खोल विहिरीत बुडते.

तिसरे उदाहरण टायसन फ्युरी या स्वतःस कॅथलिक म्हणविणाऱ्या योद्ध्याचे. २०१५ साली तो जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी खिन्नता, दारू आणि कोकेन यांनी त्याला असे घेरले की, त्याने आपली जगज्जेतेपदे सोडून दिली. एके रात्री अंधाऱ्या खोलीत गुडघे टेकून, रडत रडत आपण देवाची करुणा भाकली, असे त्याने स्वतः सांगितले आहे. तथापि तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने मनोविकाराच्या जाणकारांचीही मदत घेतली, आणि २०२० साली तो पुन्हा जगज्जेता झाला. प्रार्थना आणि औषधोपचार यांत भांडण नाही, हे यावरून ध्यानी यावे.

आता औषधांविषयी. पुष्कळ खेळाडूंस वाटते की, मनाच्या आजाराची गोळी घेतली तर खेळातून बाद होऊ. परंतु खिन्नतेवर दिली जाणारी फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारखी औषधे, तसेच लिथियम, ही खेळातील निषिद्ध द्रव्यांच्या यादीत नाहीत. काही उत्तेजक औषधांस मात्र आगाऊ परवानगी लागते. खरा धोका आहे तो गोळी लपविण्यात. द्विध्रुवी आजारावर लिथियम हे जुने व गुणकारी औषध आहे; परंतु ते एक क्षार असून त्याचे रक्तातील प्रमाण नेमके राहावे लागते. म्हणूनच वरचेवर रक्त तपासतात. हलक्या वजनगटांतील मुष्टियोद्धे वजन उतरविण्यासाठी घाम गाळतात, पाणी तोडतात. अंगातील पाणी आटले की लिथियमचे प्रमाण वाढते आणि औषधाचेच विष होते. हात थरथरतात, ओकाऱ्या व जुलाब होतात, बोलणे अडखळते, तोल जातो. ज्या वैद्याला गोळी ठाऊकच नाही, तो या खुणा कशा ओळखणार?

वाचकहो, हे दूरचे नाही. वैशाखाच्या उन्हात संत्र्याच्या बागेत दिवसभर राबणाऱ्या माणसाच्याही अंगातले पाणी असेच आटते. अंग दुखते म्हणून तो दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणतो, आणि याही गोळ्या लिथियमचे प्रमाण वाढवितात. कोणी उपवासकाळात पाणीदेखील वर्ज्य करतो. अशा माणसाने पाणी व मीठ तोडू नये, आणि दुखण्यावरची गोळी विचारल्यावाचून घेऊ नये.

लग्न जुळविताना तर ही लपवाछपवी सर्वांत महाग पडते. नव्या सुनेची गोळी सासरी कळू नये म्हणून माहेरचे लोक ती एकाएकी बंद करवितात, आणि थोड्याच दिवसांत आजार उलटतो. ती चोरून घेत राहिली, तर गर्भारपणी डॉक्टरला ते कळत नाही. आणि व्हॅल्प्रोएटसारखी औषधे गर्भास अपाय करतात. योग्य वेळी सांगितले असते, तर डॉक्टरने औषध बदलून दिले असते. मुलाकडच्यांनीही आपल्या मुलाची गोळी अशीच उघड सांगावी.

यास्तव आमची विनंती एवढीच की, जो डॉक्टर ताप पाहतो, त्यालाही मनाची गोळी दाखवावी. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने सोडू नये. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आपणांस फार लांब नाही. आणि घरात कोणी जगणे नको म्हणू लागला, तर त्याला एकटे न ठेवता १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन करावा. तो रात्रंदिवस चालतो आणि त्यास पैसे पडत नाहीत.