दादांचा वारसा कोणाचा?

मुंबईतील रे रोड स्थानकाबाहेर पडले की गोदामे, वखारी आणि मालमोटारींच्या रांगा दिसू लागतात. सातारा-सांगलीकडच्या कोरडवाहू शिवारांतून आलेल्या कित्येक पिढ्यांनी या बंदरपट्ट्यात पाठीवर पोती वाहिली. शेतकऱ्याच्या मुलावर गाव सोडण्याची वेळ का यावी? वसंतदादा पाटील यांनी या प्रश्नाचे उत्तर भाषणांतून नव्हे, तर संस्था उभारून दिले.

13 नोव्हेंबर 1917 रोजी जन्मलेले दादा सांगलीजवळच्या पद्माळे गावचे. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपले. आजीने सांभाळ केला. शिक्षण मराठी शाळेपुरतेच. 24 जुलै 1943 रोजी सांगलीचा तुरुंग फोडून ते साथीदारांसह बाहेर पडले. दोन साथीदार धारातीर्थी पडले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली. 1952 मध्ये ते आमदार झाले. पण त्यांचे खरे कर्तृत्व सांगलीच्या सहकारी साखर कारखान्यात दिसले. ऊस पिकविणाराच कारखान्याचा भागधारक झाला, बांधावरचा माणूस सर्वसाधारण सभेत हिशेब विचारू लागला.

1977 मध्ये दादा मुख्यमंत्री झाले. जुलै 1978 मध्ये स्वकीयांनीच त्यांचे सरकार पाडले. 1983 मध्ये ते पुन्हा त्या पदावर आले आणि विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. स्वतः फारसे न शिकलेल्या माणसाने ग्रामीण मुलांसाठी तंत्रशिक्षणाचे दार उघडले. त्याच दारातून पुढे देणग्यांचा बाजारही आत शिरला, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. राजस्थानचे राज्यपालपद भूषविलेले दादा 1 मार्च 1989 रोजी निवर्तले.

दादांच्या पक्षाशी आमचे मतभेद होते. तरीही आज त्यांचे स्मरण आवश्यक वाटते. निवडणूक अर्जात व्यवसाय म्हणून 'शेती' लिहिणारे पुढारी उदंड आहेत. पण संस्था सभासदांची की घराण्याची, हा प्रश्न विचारताच अनेकांची वाचा बसते. ज्या कारखान्याला दादांचे नाव दिले गेले, तोही कर्जाच्या ओझ्याखाली 2017 मध्ये भाडेतत्त्वावर खासगी कंपनीकडे सोपवावा लागला. याहून बोलका धडा कोणता?

शेतकऱ्याच्या पोटी जन्म घेणे ही काही पात्रता नव्हे. सत्तेवर गेल्यावरही बांधावरच्या माणसाला हिशेब देण्याची तयारी, हीच खरी पात्रता. ती टिकली असती, तर गावाकडून मुंबईच्या गोदामांकडे येणारी वाट थोडी तरी ओस पडली असती. सहकारात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हा हिशेब आधी स्वतःपुरता मांडावा.